कमी झालेलं वजन टिकवण्यासाठी मदत हवी आहे (वय ४७, रोजचा लोकलचा प्रवास)

नमस्कार. गेल्या वर्षी मी ७४ वरून ६३ किलोवर आले. दिवाळीपासून काटा पुन्हा वर सरकायला लागला, सध्या ६६ वर आहे. मला तो इथेच थांबवायचा आहे. ज्यांनी वजन उतरवून दोन-चार वर्षं टिकवलंय त्यांच्या रोजच्या सवयी काय आहेत, हे विचारायला धागा काढतेय. वजन कमी कसं करायचं हे सांगणारे घरीदारी भरपूर आहेत, टिकवायचं कसं यावर कुणी फारसं बोलत नाही.

आधी माहिती देते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. उंची पाच फूट दोन इंच. थायरॉईड नॉर्मल. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ होतं, वजन उतरल्यावर ५.६ झालं. ५.७ च्या पुढे मधुमेहाचा उंबरठा धरतात, त्यामुळे ही तीन किलोंची वाढ मला किरकोळ वाटत नाही. आई आणि मामा दोघांनाही मधुमेह आहे. भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर सांगतात, माझी अजून ८६ आहे. पाळी अनियमित झाली आहे. डॉक्टरांना दाखवून झालंय, औषध-इंजेक्शनाची गरज नाही म्हणाले, खाणं आणि व्यायाम सांभाळा म्हणाले.

राहते डोंबिवलीला, ऑफिस फोर्टला. सकाळी पावणेआठला घर सोडते, परत यायला सव्वाआठ होतात. घरात चौघं: सासूबाई, नवरा, मुलगा आणि मी. स्वयंपाक मीच करते, सकाळच्या डब्यांसह.

वजन उतरलं ते साध्या गोष्टींनी. चहातली साखर बंद, बेकरीचं बंद, रात्री भात बंद करून एक भाकरी, भाजी, वरण. सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत पायी, संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा न करता घरापर्यंत पायी. हे सगळं अजूनही चालू आहे, म्हणून तर कोडं पडलंय.

अडचण कुठे येते ते मला दिसतंय. सव्वाआठला घरात शिरते तेव्हा भुकेने जीव कासावीस झालेला असतो. कुकर लावायचा, कणीक मळायची, आणि ते होईपर्यंत ओट्याजवळच्या डब्यातला फरसाण किंवा शेंगदाणे मूठमूठ तोंडात जातात. उभ्याउभ्या खाल्लेलं जेवणात धरलं जात नाही आणि वर पूर्ण जेवण होतंच. गेल्या वर्षी ही भूक एवढी लागत नव्हती. आता का लागते?

दुसरी अडचण उपासाची. सासूबाईंच्या दोन्ही एकादश्या आणि संकष्टी असते, मीही करते, सोडायची इच्छा नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात बटाटा, तूप आणि मूठभर कूट. आमच्या घरी खिचडी हलकी म्हणून दुप्पट वाढतात.

तिसरं, तेल. आम्हाला महिन्याला पाच लिटर लागतं. हिशेब केला तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे साडेतीनशेच्या जवळपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. कमी केलं की मुलगा आणि नवरा भाजी बाजूला सारतात. दोन प्रकारची भाजी करायला सकाळी वेळ नाही.

एक विनंती. दोनदा जेवावं की दर दोन तासांनी खावं, दीक्षित की दिवेकर, हा वाद इथे नको. ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर तो रोज होतो. दोन्ही पद्धतींनी फायदा झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि दोन्हींकडे वजन परत आलेलीही आहेत. मला सवयी हव्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी भुकेचं सांगतो, कारण तुम्ही त्यासाठी स्वतःला बोल लावू नये असं मनापासून वाटतं. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. वर्ष उलटल्यावरही त्यांची भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं पूर्ववत झाली नव्हती, आणि त्यांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. शिवाय ६३ किलोच्या शरीराला ७४ किलोच्या शरीरापेक्षा कमी अन्न पुरतं. तेव्हा तेच खाणं, तेच चालणं चालू ठेवूनही काटा वर जातो. कोडं बहुतेक इथेच आहे.

टिकवणाऱ्यांबद्दल विचारलंत. अमेरिकेत १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री आहे. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेले लोक त्यात नाव नोंदवतात. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या सवयी मिळत्याजुळत्या निघाल्या: रोज सरासरी तासभर व्यायाम, सकाळची न्याहारी, आठवड्यातून एकदा तरी वजन करणं, टीव्ही कमी. ही आपणहून नाव दिलेली माणसं, त्यामुळे या सवयींमुळेच वजन टिकलं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण वजन करण्याची सवय मी उचलली आणि माझं आठ किलो उतरलेलं वजन गेली चार वर्षं त्यामुळेच टिकलंय असं माझं मत आहे. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही न खाता. रोजच्या आकड्याकडे बघू नका, मीठ आणि पाण्याने किलोभर इकडेतिकडे होतं. आठवड्याची सरासरी लिहून ठेवा. माझी सरासरी दीड किलोने वर गेली की मी त्याच आठवड्यात आवरतं घेतो. तुमच्यासारखं तीन किलोंपर्यंत थांबत नाही.

प्रतिसाद २

मीही बदलापूरहून रोज येते-जाते, त्यामुळे सव्वाआठची भूक चांगली ओळखते. तिच्यावर उपाय घरात नाही, गाडीत आहे. सहाच्या सुमाराला, म्हणजे ऑफिसातून निघताना किंवा डब्यात बसायला मिळालं की, काहीतरी ठोस खा. मी मूठभर फुटाणे आणि एक उकडलेलं अंडं नेते, उपासाला घट्ट दही. घरी शिरताना पोटात आग नसते आणि हात फरसाणाकडे जात नाही. फरसाण ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर, स्टूल घ्यावं लागेल इतक्या वर ठेवा.

कणीक सकाळीच दोन्ही वेळची मळून फ्रिजमध्ये ठेवा. रात्रीची पंचवीस मिनिटं वाचतात.

तेलाचं: दोन भाज्या करू नका, आणि एकदम अर्ध्यावरही आणू नका. महिन्याचं तेल एका कॅनमध्ये वेगळं काढायचं, पहिल्या महिन्यात साडेचार लिटर, मग चार. फोडणीची पळी बदला, लहान घ्या, मोठी असली की अंदाज चुकतोच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या थाळीत २००० कॅलरींना दिवसाचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय, तुम्ही साडेतीन लिटरवर आलात की जवळपास तिथेच पोचाल. आमच्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. वांगी, भेंडी, बटाट्याच्या काचऱ्या या तेल पिणाऱ्या भाज्या मात्र आठवड्यातून एकदाच.

प्रतिसाद ३

उपास सोडू नका, ताट बदला. खिचडी वाटीभरच, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि ताक. किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी. दाण्याची आमटी असेल त्या दिवशी खिचडीत कूट निम्मं. सासूबाईंना दही-राजगिरा पचायलाही बरा, त्या नाही म्हणणार नाहीत.

आणि चालण्याबरोबर ताकदीचा व्यायाम हवाच. आहार कमी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पाळी जायच्या वयात हाडांसाठीही तो लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस सांगते. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, इथून सुरुवात करा. वरण, उसळ, दूध, दही वाढवा. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये सकाळच्या खाण्याचा उल्लेखच नाही, काय खाता?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भुकेचं कारण कळल्यावर खूप धीर आला.

सकाळी घरी फक्त चहा, मग साडेदहाला ऑफिसात पोळी-भाजी. म्हणजे सहाच्या फुटाण्यांबरोबर इथेही काहीतरी करायला हवं. मोड आलेल्या मुगाचं घावन रात्री पीठ वाटून ठेवून जमेल असं वाटतंय. फरसाणाचा डबा आजच वर गेला.

ताकदीच्या व्यायामाबद्दल अजून विचारायचं आहे. माझा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. उठबस करताना खुर्ची उंच घेतली तर चालेल का, की आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून घेऊ? कुणी गुडघेदुखी असताना सुरुवात केली असेल तर कृपया सविस्तर लिहा.