कॅम्परव्हॅनच्या छताची गळती: जुन्या सिलिकॉनवरच नवीन मारावं की सगळं उखडावं?

घाटमाथा

ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्परव्हॅन आहे. छत मूळचंच, पत्र्याचं, लांबीच्या दिशेने पन्हळ्या असलेलं. वर १४ × १४ इंचाचा व्हेंट फॅन, ॲक्रिलिकचा एक स्कायलाइट, ॲल्युमिनियमच्या रेलवर दोन सोलर पॅनल आणि त्यांच्या वायरी आत घेणारा एक केबल ग्लँड. सगळीकडे पारदर्शक सिलिकॉन फिरवलेलं आहे. फॅनच्या पुढच्या कडेला त्याचा पापुद्रा सुटतोय. पाऊस लागला की फॅनपासून साधारण दीड मीटर मागे, डाव्या वरच्या कप्प्यातला प्लाय ओला होतो.

जून यायच्या आत काम उरकायचं आहे. सुटलेल्या जागी वरून सिलिकॉनचाच आणखी एक हात चालेल का? नसेल तर नेमकी कुठली ट्यूब घ्यायची? दुकानात पीयू (पॉलियुरेथेन), एमएस पॉलिमर, ब्युटाइल, ॲक्रिलिक सगळंच पुढे ठेवतात आणि प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो. शिवाय गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतात तसं अख्ख्या छताला कोटिंग मारलं तर प्रश्न एकदाचा मिटेल का?

पाना_पक्कड

वरून हात मारू नका. वाळलेल्या सिलिकॉनला कुठलंही सीलंट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. महिनाभर बरं दिसेल, मग त्याच भेगेत दोन थरांच्या मध्ये पाणी साचून राहील. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं, म्हणजे ॲसिटिक जातीचं सिलिकॉन असेल तर आणखी वाईट. ते वाळताना ॲसिड सोडतं आणि कापलेल्या पत्र्याच्या कडेला गंज तिथूनच सुरू होतो.

ट्यूब निवडण्याआधी सांधा का सुटतो ते बघा. फॅनची चौकट एबीएस प्लास्टिकची, छत लोखंडी. रात्र आणि दुपार यांत छताच्या पत्र्याला ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकात ४०० मिमीची प्लास्टिकची चौकट दीड मिमीच्या वर वाढते, पत्रा मात्र पाव मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूला पाऊण मिमीच्या आसपास सरकासरक, आणि ती रोजची. स्क्रू गच्च आवळून सीलंटचा थर कागदाएवढा उरला असेल तर जगातली कुठलीही ट्यूब ते सहन करणार नाही. थर २ ते ३ मिमी राहिला तर बहुतेक चांगल्या ट्यूब टिकतात. ट्यूबवर ‘२५ एलएम’ लिहिलं असेल तर तो सांध्याच्या रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसणारा, मऊ जातीचा माल. लेबलवर ‘कार, बोट, छप्पर, ॲक्वेरियम, सबकुछ’ लिहिलेलं असेल तर ती तिथेच ठेवा.

म्हणून फ्लँजच्या, म्हणजे छतावर टेकणाऱ्या चौकटीच्या सपाट कडेच्या, खाली ब्युटाइल टेप, वरून एमएस पॉलिमर. ब्युटाइल कधी वाळत नाही, चिकट आणि लवचिक राहतं, त्यामुळे खालची हालचाल तेच खातं. पण त्याला ऊन सोसत नाही. एमएस उन्हात टिकतं, रंगवता येतं, आणि ब्युटाइलची कडा झाकून ठेवतं. दोघांची कामं वेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरं घालू नका. बाजारात ब्युटाइल म्हणून डांबरी टेपही खपवतात. बोटाला काळं लागलं, डांबराचा वास आला, तर घेऊ नका. मे महिन्याच्या उन्हात ती छतावरून ओघळते.

एका फॅनचा हिशेब: फ्लँजचा घेर सुमारे १.७ मीटर. २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड ब्युटाइल, कोपऱ्यांची जोड धरून २ मीटर. वरचा थर २५ मिमी रुंद आणि सरासरी ४ मिमी जाड धरला तर १७० मिली, म्हणजे ३१० मिलीच्या ट्यूबची अर्ध्याहून थोडी जास्त. तुमच्या छताला फॅन, स्कायलाइट, ग्लँड आणि रेलचे पाय धरून तीन ट्यूब आणा. चौथी असली तर बरंच, पण तारीख बघून. या ट्यूब तापलेल्या दुकानात पडून राहिल्या की मुदतीआधीच घट्ट होतात. गन दाबल्यावर गुठळ्या आल्या तर ती टाकून द्या.

काढण्याचं काम लावण्यापेक्षा जास्त वेळ खातं. फॅन पूर्ण काढा. प्लास्टिकच्या खरवडणीने सिलिकॉन सोला, उरलेल्यावर सिलिकॉन रिमूव्हर लावा, मग २४० नंबरचा पॉलिश पेपर. जागा साफ झाली की नाही ते मास्किंग टेप चिकटवून बघा. जिथे टेप धरत नाही, तिथे अजून सिलिकॉन आहे. पत्र्याची कापलेली कडा उघडी असेलच. कानस मारा, झिंक प्राइमर द्या, वरून रंगाचा हात, आणि पूर्ण वाळू द्या. कानस मारताना उडालेला लोखंडी कीस चुंबकाने किंवा व्हॅक्यूमने उचला, झाडूने नाही. छतावर राहिलेला प्रत्येक कण पहिल्या पावसात गंजाचा ठिपका होतो.

तुमच्या छताची खरी गोम मात्र पन्हळ्यांची आहे. सपाट फ्लँज पन्हळीवर बसवला की मधल्या खळग्यांत पोकळी राहते आणि ती कोणी तरी सीलंटने भरतं. तिथे हवा पोचत नाही, म्हणून १० मिमी जाडीचा गोळा आतून महिनोन्‌महिने ओलाच राहतो. त्या खळग्यांत पीव्हीसीच्या किंवा एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) पट्ट्या तासून, पीयूने चिकटवून आधी सपाट बैठक करा. आतून १८ मिमी मरीन प्लायची चौकट द्या, म्हणजे स्क्रूला धरायला काही असेल. नुसत्या पत्र्यात स्क्रू दोन-तीन वेळा आवळला की आटे जातात.

मग ब्युटाइल फ्लँजला लावा. जोड मागच्या बाजूला येऊ द्या, पुढे नको. पुढच्या कडेवर ऐंशीच्या वेगाने पाऊस आपटत असतो. स्क्रू स्टेनलेसचेच, समोरासमोरचे आळीपाळीने, ब्युटाइल चहूबाजूंनी सारखं बाहेर डोकावेपर्यंत. तिथेच थांबा. एक-दोन दिवस ऊन खाऊ द्या, ते बसेल, मग पाव फेरा. बाहेर आलेलं कापून टाका आणि नंतरच वरचा थर. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा.

कोकण_डिझेल

वरच्याशी बहुतेक सहमत, पण पीयूला उगाच दुय्यम ठरवलंय. वाऱ्याची ओढ जिथे सहन करायची असते, म्हणजे सोलरच्या रेलचे पाय, तिथे ब्युटाइलचा उपयोग नाही, ते धरून ठेवत नाही. तिथे प्राइमर लावून पीयू ॲडहेसिव्ह आणि शिवाय बोल्ट. दीड मीटरची ॲल्युमिनियम रेल ५० अंशांत पत्र्यापेक्षा पाऊण-एक मिमी जास्त वाढते, म्हणून पायाखाली ३ मिमीचे रबरी तुकडे ठेवून तेवढी जाडी राखा.

पीयूचे दोन नखरे सांभाळायचे. एक, ते हवेतल्या दमटपणावर वाळतं, दिवसाला साधारण ३ मिमी, पण पृष्ठभागच ओला असेल तर आत बुडबुडे धरतं. पावसाळी दिवशी, दव पडलेल्या पत्र्यावर लावू नका. दुसरं बऱ्याच जणांना माहीत नसतं: आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून लगेच पीयू लावलं तर अल्कोहोल त्याच्या वाळण्याच्या क्रियेतच लुडबुड करतं आणि ते कायमचं चिकचिकीत राहतं. पुसल्यावर पूर्ण उडून जाऊ द्या. शेजारी ओलं सिलिकॉन असेल तरी तोच गोंधळ होतो.

उन्हात पीयू पिवळं पडतं, वरून खडूसारखं होतं. म्हणून वरच्या थराला एमएस, हे मान्य.

स्कायलाइटला थिनर, ॲसिटोन, पीयूचा प्राइमर यांतलं काहीही लागू देऊ नका. ॲक्रिलिकमध्ये ताणाच्या बारीक रेघा उमटतात आणि त्याच जागी ते पुढे तडकतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. खाली ब्युटाइल आणि वरून चौकटीचा सारखा दाब.

आणि दुपारी काम करू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर हात ठेववत नाही, तिथे सीलंटची साय लगेच धरते आणि खाली पकड बसत नाही. सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत.

घाटमाथा

दोघांचेही आभार, एवढं दुकानदाराने सांगितलं असतं तर! पण एक शंका: ओल फॅनपासून दीड मीटर मागे दिसते. दोष फॅनचाच कशावरून? सगळं उखडण्याआधी खात्री कशी करायची?

सुलभाताई_वर्कशॉप

फॅनचाच असेल असं नाही. पाणी आत शिरलं की पत्र्याच्या आतल्या बाजूने, छताच्या आडव्या फासळीपर्यंत, इन्सुलेशनच्या वरून वाहत जातं आणि गाडी जिकडे कललेली असेल तिकडे उतरतं. उभ्या गाडीचा उतार पाणसळीने बघा, त्यावरून कुठल्या दिशेला शोधायचं ते कळतं.

आधी दव आहे की गळती, हे वेगळं करा. थंड रात्री, आत माणसं झोपलेली, गॅसवर स्वयंपाक झालेला, आणि सकाळी ओल सगळीकडे पातळ पसरलेली असेल तर ते दव. पावसानंतर एकाच जागी, कडेला तपकिरी रेघ ठेवून जाणारी ओल म्हणजे गळती.

पाइपने पाणी मारताना सगळ्या छतावर एकदम मारू नका, त्यातून काहीच कळत नाही. सगळ्यात खालच्या सांध्यापासून सुरुवात करा: आधी कडेची पन्हळ, मग ग्लँड, मग रेलचे पाय, मग स्कायलाइट, शेवटी फॅन. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, जोर न लावता, आत कोणी तरी टॉर्च घेऊन.

त्याहून नेमका उपाय उलटा आहे. दारं, खिडक्या, वॉशबेसिनची नळी बंद करा आणि एका खिडकीत भोक पाडलेला पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरने आत हवा भरा, हलक्या दाबाने. छतावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे फुगे येतील ती जागा. पेन्सिलने खूण करा. सायकलचं पंक्चर शोधतात तसंच, फक्त हवा आतून.

दोन टोकांचा मॉइश्चर मीटर असेल तर प्लायचं वाचन घ्या, पण आकड्याला भुलू नका. युरोपातल्या कॅराव्हॅनवाल्यांचा १५ टक्क्यांच्या आत ठीक, २० च्या वर गडबड असा ठोकताळा आहे. आपल्याकडे भर पावसाळ्यात धडधाकट लाकूडही १७-१८ दाखवतं. त्याच गाडीतल्या कोरड्या कोपऱ्याशी ताडून बघा, ५-६ टक्क्यांचा फरक असेल तर ती ओल.

माझा संशय ग्लँडवर. वायर वरून सरळ खाली ग्लँडमध्ये शिरत असेल तर पाणी वायरीवरूनच आत येतं, सीलंट कितीही चांगलं असो. ग्लँडचं तोंड मागच्या बाजूला हवं, वायरीला ग्लँडच्या आधी खाली झोल हवा, आणि एका भोकात एकच वायर. दोन वायरी एका रबरात कोंबल्या की मधली फट बुजत नाही.

टेक्सासकर

हा धागा इथे अमेरिकेत मोटरहोम असलेलेही वाचतील म्हणून लिहितो: वरची पद्धत पत्र्याच्या छताची आहे, जशीच्या तशी उचलू नका. इकडच्या बऱ्याच गाड्यांना प्लायवर चिकटवलेलं ईपीडीएम (रबर) किंवा टीपीओचं (रबरासारखं प्लास्टिक) आवरण असतं. व्हेंटची आतली पट्टी काढून आवरणाची कापलेली कडा बघा. खालची बाजू काळी असेल तर बहुधा ईपीडीएम.

ईपीडीएमला मिनरल स्पिरिट किंवा पेट्रोलजन्य काहीही लावलं की ते फुगतं आणि प्लायवरून सुटतं. आडव्या सपाट जागी डायकॉर ५०१ सारखं सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं, लॅप सीलंट, पण उतारावर किंवा उभ्या कडेवर तेच वाहून जातं, तिथे न वाहणारी जात. जुनं डायकॉर घट्ट चिकटलेलं असेल तर सोलत बसू नका. सैल तेवढं कापा, बाकीचं स्वच्छ करा आणि त्यावरच नवीन लावा. सोलण्याच्या नादात आवरण फाटतं. इटर्नाबाँड ही चिकट सीलिंग टेप लांब सांध्यांना उत्तम, मात्र ती पुन्हा निघत नाही. जिथे पुढे कधी व्हेंट बदलावा लागेल तिथे ती लावू नका. दर तीन महिन्यांनी तपासणी अशी अट बऱ्याच वॉरंट्यांत असते, फोटो काढून ठेवा.

पाना_पक्कड

राहिला कोटिंगचा प्रश्न. गच्चीचं ॲक्रिलिक कोटिंग सांध्यावरचा उपाय नाही. ते सिलिकॉनवर धरत नाही, साचलेल्या पाण्यात मऊ पडतं, आणि फॅनची फट रोज पाऊण मिमी हलत असताना त्याचा पातळ पापुद्रा तिथेच तडकतो. मग गळती आहे तशीच, फक्त भेग दिसत नाही. पांढऱ्या रंगाने आतला उकाडा कमी होतो हे खरं. तेवढ्यासाठी मारायचं तर सगळे सांधे दुरुस्त होऊन एक पावसाळा कोरडा गेल्यावर मारा.

एक गोष्ट वर राहिली. वरचा थर लावताना फॅनच्या पाठीमागे पाण्याला बांध घालू नका. पन्हळीतून येणारं पाणी फॅनला वळसा घालून मागे निघून गेलं पाहिजे. तसंच छताच्या कडेची पन्हळ आणि ऑनिंगच्या (बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराच्या) पट्टीची फक्त वरची कड बंद करायची. खालची बंद केली की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही आणि ते बोल्टच्या भोकातून आत येतं.

पुढची देखभाल थोडीच आहे. मेच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या आसपास छत साबणाने धुवा, पन्हळीतला पालापाचोळा काढा, प्रत्येक सांध्याच्या कडेवरून नख फिरवा. नख आत गेलं तर तेवढाच तुकडा कापून भरा. भेगा केसाएवढ्या आणि फक्त वरच्या पृष्ठभागावर असतील तर थांबता येतं. कडा उचललेली असेल तर थांबू नका. छतावर चढताना फासळ्यांवर फळी टाकून गुडघ्यांवर जा, दोन फासळ्यांमध्ये पाय दिला की पत्रा दबतो आणि तुम्ही नुकताच लावलेला सांधा त्याच क्षणी सुटतो.

घाटमाथा

ग्लँड बघितला. तोंड पुढे आहे आणि दोन वायरी एकाच भोकात. साबण-पाण्याची चाचणी या शनिवारी करतो. ग्लँडपाशी फुगे आले तर फॅन यंदा राहू देऊ का?

सुलभाताई_वर्कशॉप

नको. पापुद्रा सुटलेला आहे म्हणता ना, आज गळत नसला तरी जुलैमध्ये गळेल. ग्लँड आधी, कारण ते तासाभराचं काम आहे. फॅन त्याच आठवड्यात. आणि ओला प्लाय पूर्ण वाळल्याशिवाय कप्पा परत लावू नका.