अर्ध्या दिवसाचा खासगी गाईड: शहर कळतं की नुसतं उरकतं?

मैलाचा_दगड

थंडी पडली की घरात दिल्ली-आग्रा-जयपूरचे बेत सुरू होतात आणि दर वेळी हाच वाद रंगतो, म्हणून इथे मांडतो. माझं मत पक्कं आहे. जुन्या शहरासाठी हाताशी चार-पाच तासच असतील, तर बसच्या सहलीपेक्षा आणि एकट्याने भटकण्यापेक्षाही आपल्यापुरता गाईड करणं केव्हाही चांगलं.

जयपूरची जुनी वेधशाळा, जंतरमंतर घ्या. गाईडशिवाय आत गेलेली माणसं दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर येताना मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नाही. ती दगडी यंत्रं आहेत, कोणी वापरून दाखवल्याशिवाय बोलत नाहीत. सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ २७ मीटर उंच आहे. त्याच्या कडेची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, ती नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसते. चांगला गाईड आधी तुम्हालाच सावलीवरून वेळ वाचायला लावतो. ती मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. मग तो सांगतो की आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली सूर्याची वेळ सुमारे २७ मिनिटं मागे, शिवाय ऋतूप्रमाणे पाव तासापर्यंत इकडेतिकडे. हिशोब जुळला की सवाई जयसिंगाने एवढं दगडकाम का उभारलं ते तिथल्या तिथे समजतं. पन्नास जणांच्या घोळक्यात हे होत नाही, कारण सावलीजवळ उभं राहायला एका वेळी दोन-तीन माणसांपुरतीच जागा असते.

दुसरी गोष्ट क्रमाची. आग्र्यात बस थेट ताजवर जाते. खासगी गाईडला सांगता येतं की आधी यमुनेपलीकडे इतमाद-उद-दौलाकडे चला. नूरजहाँने १६२२ ते १६२८ या काळात वडिलांसाठी बांधलेली ती कबर आधी पाहिली, की ताजमधलं जडावकाम कुठून वाढत आलं ते डोळ्यांना दिसतं. ताजचं तिकीट तीन तासांचं असतं, त्यामुळे तिथे आत गेल्यावर शिकत बसायला वेळ नसतो. जे शिकायचं ते आधीच शिकून जावं.

विरोधी मतं जरूर लिहा.

उंबरठा

विरोध आहे, आणि तो कमिशनच्या दुकानांमुळे नाही. ती दुकानं सगळ्यांना ठाऊक आहेत. माझी अडचण त्याहून मोठी आहे.

बसमधला गाईड पन्नास जणांना तेच सांगतो. खासगी गाईडसमोर श्रोते तुम्हीच, आणि त्याची बक्षिसी तुमच्या खुशीवर. तो पहिल्या पाच मिनिटांत तुमचं गाव, भाषा, आडनाव विचारतो आणि तुम्हाला काय आवडेल ते ओळखतो. आग्र्याच्या किल्ल्यात आम्ही मराठी बोलतोय हे कळताच आमच्या गाईडने एक अंधारी खोली दाखवली आणि "इथेच शिवाजी महाराजांना ठेवलं होतं" म्हणाला. आमच्यातल्या दोघांनी चपला काढून नमस्कार केला. मला तिथे फार वाईट वाटलं. १२ मे १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, अपमान झाल्यावर तिथून निघाले, आणि नंतर चौकीपहाऱ्यात होते ते किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळच्या मुक्कामी. १७ ऑगस्टला ते निसटले तेही तिथूनच. आंबेरच्या दरबारी माणसांनी त्या वेळी लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत हे सगळं आहे. किल्ल्यातल्या कोठडीला कसलाही आधार नाही.

पुढे काळा ताजमहालही आलाच, म्हणजे शहाजहान स्वतःसाठी नदीपलीकडे काळा ताज बांधणार होता ही गोष्ट. ताजसमोर यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं तेव्हा मोठा अष्टकोनी हौद आणि कारंजी निघाली, दुसऱ्या मकबऱ्याचा पाया निघाला नाही. तरी ती गोष्ट रोज सांगितली जाते, कारण ती ऐकून गिऱ्हाईक खूश होतं. माणसं भक्तिभावाने खोट्या जागी नमस्कार करून घरी येतात आणि पुढच्या पिढीला तेच सांगतात. त्यापेक्षा दोन संध्याकाळी वाचन करावं आणि एकट्याने जावं.

मैलाचा_दगड

उंबरठाताई, त्या कोठडीबद्दल तुमचा संताप मला पूर्ण पटतो. पण उपाय पटत नाही. हीच थाप बसमध्ये मारली गेली असती तर पन्नास जणांसमोर कोण अडवणार? मागून ढकलणारे असतात, पुढे जायची घाई असते. खासगी फेरीत "हे कशावरून?" एवढं विचारायला तुम्हाला कोणी अडवत नाही. मी विचारतो. काही गाईड गडबडतात. काही मात्र थांबतात आणि म्हणतात, "ही सांगोवांगी आहे साहेब, लोकांना आवडते म्हणून सांगतो, खरं पाहायचं तर इकडे या." तिथून पुढे खरी फेरी सुरू होते.

शेवंती

माझे वडील ७८ वर्षांचे. गुडघे गेलेत, वाचन मात्र दांडगं. त्यांच्यासाठी "एकट्याने भटका" या सल्ल्याचा काही उपयोग नाही. ताजच्या बरंच आधी पेट्रोल-डिझेलच्या गाड्या थांबवतात, पुढे बॅटरीची गाडी, मग रांग. गाईडने आधीच ऑनलाइन तिकिटं काढून ठेवली होती, खालच्या बागेचं पन्नास रुपयांचं आणि वर मुख्य समाधीपर्यंत जाणाऱ्यांसाठी जादा दोनशेचं. बाबांसाठी खुर्चीची सोय करून तो त्यांच्या चालीने चालला. बाबा बागेतच थांबले आणि त्याच्याशी तासभर बोलले. मुमताज बुऱ्हाणपूरला वारली, १६३१ ला, तिथून तिचा देह आग्र्याला कसा आणला, हे सगळं. वर न जाताही त्यांना ताज पोहोचला. बसमध्ये ते खिडकीशी बसून राहिले असते.

दख्खनी_वाट

मी वेरूळ-दौलताबाद भागात गाईड म्हणून काम करतो, तेव्हा या बाजूनेही ऐका.

उंबरठाताई म्हणतात ते खुशामतीचं खरं आहे, आणि त्याचं मूळ पैशात आहे. गिऱ्हाईक फी घासाघीस करून निम्म्यावर आणतं. मग गाईड आणि ड्रायव्हर दोघंही उरलेला निम्मा भाग हिमरू-पैठणीच्या दुकानातून काढतात. तुमचा पाऊण तास तिथे जातो आणि लेण्यातला पाऊण तास कमी होतो. फी पूर्ण द्या आणि गाडी ठरवतानाच सांगा की एकाही दुकानात थांबायचं नाही. मनासारखं काम करायला मिळालं की आम्हालाही बरं वाटतं.

दुसरं, वेळेचं. सकाळी नऊला येतात आणि जेवणाआधी वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी का मकबरा, सगळं हवं असतं. वेरूळला ३४ लेणी आहेत! आणि लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी बहुतेक लेण्यांत अंधारच असतो, ऊन दुपारनंतर आत शिरतं. दहाव्या लेण्यातला बुद्ध आणि वरच्या दगडी फासळ्या दुपारी तीननंतर पाहा, मग कळेल मी काय म्हणतो. पण ड्रायव्हरला संध्याकाळी लवकर सुटायचं असतं, म्हणून सगळे सकाळी येतात. खासगी फेरीचा फायदा घ्यायचा तर हा घ्या. वेळ तुमच्या हातात आहे, ती उजेड पाहून ठरवा.

कैलास लेणं मी वरून सुरू करतो. बाजूने डोंगरावर चढून कडेला उभं केलं, की हे कळसापासून खाली खोदत आणलंय हे सांगावंच लागत नाही. राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक वगैरे नंतर.

ओळखपत्र मागायला संकोचू नका. पर्यटन मंत्रालय किंवा राज्य सरकारची मान्यता असलेल्याकडे फोटो आणि मुदत असलेलं कार्ड असतं. नुसतं "मी सरकारी गाईड" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. फत्तेपूर सिक्रीच्या वाहनतळावर असे बरेच भेटतात.

पोळवासी

अहमदाबादला राहते, म्हणून मधलीच वाट सुचवते. इथे महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांमधून, म्हणजे दरवाजा असलेल्या जुन्या गल्ली-वस्त्यांमधून, जामा मशिदीशी संपतो. अनोळखी पंधरा-वीस माणसं, सगळी पायी. खासगी फेरीत तुम्ही तुमचेच प्रश्न विचारता. इथे कोणी स्थापत्य शिकणारी मुलगी लाकडी कोरीवकामाचं विचारते, कोणी आजोबा पोळच्या दरवाज्याचं विचारतात, कोणाला चबुतरा (पाखरांना दाणे टाकायचा खांब) म्हणजे काय हेच माहीत नसतं. मला स्वतःला जे कधी सुचलं नसतं ते दुसऱ्याच्या प्रश्नातून कळतं. जागतिक वारसा म्हणून २०१७ ला मान मिळाला तो या वस्तीला, तीन-चार इमारतींना नव्हे. गाडीतून उतरून पाहण्यासारखं ते शहर नाहीच.

उंबरठा

पोळवासी, नेमकं हेच. काशीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. पहाटे होडी, दर्शन, संध्याकाळी आरती, मधे बनारसी साड्या, एवढ्यात काशी "झाली" म्हणतात. शिंदे घाटावर कललेलं रत्नेश्वर मंदिर होडीतून दिसतं, फोटो निघतो. पण त्याच्या मागच्या गल्ल्यांत मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहत आली, हे तासाच्या फेरीत कोण दाखवणार? आत्ताचं विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० ला बांधलं एवढं एक वाक्य सांगून गाईड पुढे निघतो.

दख्खनी_वाट दादा, तुमच्यासारखा माणूस मिळाला तर माझी तक्रार नाही. पण प्रवासी तुम्हाला शोधणार कसा? त्याला भेटतो तो हॉटेलने गाठून दिलेला माणूस.

बखरवेडा

दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटतं वाद गाईडचा नाही, आपण त्याच्यापुढे काय घेऊन जातो त्याचा आहे. "आग्रा दाखवा" म्हटलं की ठरलेलं आग्रा मिळतं. मी आधीच कळवलं होतं की मला मराठ्यांचं आग्रा बघायचंय. महादजी शिंद्यांनी १७८५ ला किल्ला घेतला आणि १८०३ ला इंग्रजांच्या लॉर्ड लेकने तो जिंकेपर्यंत बहुतेक काळ शिंद्यांचाच अंमल होता. गाईडने दोन दिवस मागून घेतले आणि मग मला तिथल्या रोमन कॅथलिक दफनभूमीत नेलं. तिथे जॉन हेसिंगची कबर आहे. हा डच माणूस शिंद्यांच्या चाकरीत होता, आग्र्याचा किल्लेदार होता, १८०३ ला वारला. बायकोने त्याच्यासाठी लाल दगडात छोटा ताजमहाल बांधला. आसपास चिटपाखरू नव्हतं. ताजच्या गावात शिंद्यांच्या किल्लेदाराचा ताज! कुठलीही बस तिथे जात नाही, आणि एकट्याने फिरताना मी तिथे पोहोचलो नसतो.

ताई, तुमच्या खुशामतीच्या मुद्द्यावर एक कसोटी सांगतो. दिल्लीच्या लाल किल्ल्यात (सोमवारी बंद असतो) दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून गाईडला विचारा, इथलं चांदीचं छत कुठे गेलं? १७६० ला सदाशिवरावभाऊंनी ते काढून वितळवलं, पानिपताच्या मोहिमेत फौजेच्या खर्चाला पैसा उरला नव्हता म्हणून. मराठी गिऱ्हाईकासमोर हे सरळ सांगतो तो गाईड खरा. नादिरशहावर ढकलून मोकळा होतो त्याला पुढची कोठडीही दाखवता येते.

उंबरठा

ही कसोटी मला मान्य आहे. असं तोंडावर सांगणाऱ्याला मी पूर्ण फी आनंदाने देईन, वर दिवसभर ऐकत बसेन. पण अर्धाच दिवस असेल तर मी अजूनही एकच वास्तू निवडीन, ठरलेल्या पाच नाही. आणि गाईड घेतला तरी शेवटचा तास त्याला निरोप देऊन एकटीनेच त्या आवारात बसेन.

मैलाचा_दगड

एकच वास्तू? आग्र्यात सुद्धा? मग इतमाद-उद-दौला सोडणार की ताज? मी तरी दोन्ही घेईन, किल्ला दुसऱ्या खेपेला ठेवीन. शेवटच्या एकट्या तासाबद्दल मात्र वाद नाही. फक्त तो तास आधीच ठरवून ठेवा, नाहीतर गाईडला वाटतं आपलं काही चुकलं.

शेवंती

दख्खनी_वाट दादा, आम्ही जानेवारीत वेरूळला यायचं म्हणतोय. बाबांना डोंगरावर चढता येणार नाही. दुपारी दीडला सुरू करून फक्त सोळा (कैलास) आणि दहा नंबर करावं का? बत्तीसावं त्यांना झेपेल?

दख्खनी_वाट

जरूर या, फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. दीडला कैलास धरू, बाबा खालच्या प्रांगणात हत्तीजवळ बसतील, तुम्ही कोणीतरी वर जाऊन त्यांना फोनवर दाखवा. तीनच्या सुमाराला दहावं. बत्तीसावं लांब आहे, तिकडे बॅटरीच्या गाडीने जाऊ, पण पुढे जिना आहे. खालच्या मजल्यावरची कोरीव माणसं आणि छोटं अखंड मंदिर त्यांना नीट पाहता येईल. गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, सूर्यास्तापर्यंत थांबायचंय.