मुलगा विचारतो, "बाबांकडं पिस्तूल का नाही?"

जुळेसोलापूरची_आई

माझा मुलगा नऊ वर्षांचा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो की होम मैदानावर त्याला दुसरं काही नको, छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण गेल्या महिन्यात नणंद अमेरिकेतल्या मिशिगनहून आली. तिकडं कुणीतरी दिलेली जुनी पुस्तकं तिनं न बघता बॅगेत भरली होती, त्यात एक लहान मुलांच्या गोष्टीचं निघालं. तेरा वर्षांची मुलगी शनिवारी आई-बाबांबरोबर कामं उरकत फिरते आणि दोघांच्याही कमरेला उघडं पिस्तूल. २०१४ मध्ये तिकडंही या पुस्तकावरून बराच गदारोळ झाला होता म्हणे.

पोरानं दोनदा वाचलं. रात्री अंथरुणात विचारतो, "बाबांकडं का नाही? मला कुणी पळवून नेलं तर?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण झोप लागली नाही. लेकरावर माया आहे म्हणून आई-बाप पिस्तूल लावतात, एवढंच त्यानं त्यातून घेतलं. त्याचे बाबा रोज सकाळी सातला चादरीच्या कारखान्यात जातात, डबा आणि गाडीची किल्ली घेऊन. मग त्यांची माया कमी का? पुस्तक लपवून ठेवू की काय करू?

परत_आलेला

लपवू नका, तो शोधून काढेल. आम्ही सहा वर्षं ओहायोत होतो. दुकानाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पट्ट्याला पिस्तूल बघितलंय, तिथं कायद्यानं चालतं. पण मुलांना शिकवायची दुसरीही तऱ्हा आहे. तिथल्या रायफल असोसिएशननंच, म्हणजे बंदूकवाल्यांच्याच संघटनेनं, १९८८ पासून एका गरुडाच्या चित्रातून चालवलेली: बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग. आमच्या मुलीला हे पाठ होतं. तिला मैत्रिणीकडं पाठवायच्या आधी बायको फोन करून विचारायची, घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का. पहिल्यांदा विचारताना तिचा आवाज कापत होता. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. हे मुलाला सांगू नका, तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

बारा_बोअर

ताई, लष्करातून सुटल्यावर मी एकोणीस वर्षं बँकेच्या दारात स्वतःच्या परवान्याची डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक, घेऊन उभा होतो. उघडी बंदूक खांद्याला असली की चहासुद्धा एका हातानं. गर्दीत कुणी अंगावर रेललं की माणसाआधी बंदुकीकडं लक्ष. पोरं यायची, "आजोबा, खरी आहे का?" खरी आहे म्हणायचो, हात लावू द्यायचो नाही. घरी बंदूक कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत, किल्ली माझ्या करदोट्याला. त्या एकोणीस वर्षांत घरच्या लेकरांची सगळ्यात जास्त काळजी मला त्या कपाटामुळंच वाटली.

आपल्याकडं परवाना मिळाला तरी २०१६ च्या नियमांप्रमाणं पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवायचं, चारचौघांत काढून दाखवायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीत बेफिकिरीनं बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निवडणूक लागली की आमच्या गावातले परवानेवाले बंदुका ठाण्यात जमा करून पावती घेतात. तेवढे दिवस त्यांची लेकरं काही उघड्यावर पडत नाहीत.

पोराला माझ्याकडं घेऊन या. काय विचारलालाय ते मलाच विचारू दे.

जुळेसोलापूरची_आई

आजोबा, शनिवारी येतो. काल त्याच्या बाबांना शेजारी बसवून पुस्तक परत उघडलं. त्यांनी सांगितलं, तू रिक्षातून उतरून दारात येईपर्यंत समोरचे किराणावाले काका रोज बघत असतात, मीच त्यांना सांगून ठेवलंय. पोराला हे माहीतच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, माझा मोबाइल नंबर सांग बघू. दोन आकडे चुकले. आज तोच पाठ करून घेतेय.