मदत हवी आहे: आईच्या फोनमध्ये बनावट बिलाचं ॲप, पैसे वाचले पण आधार, पॅन, जन्मतारीख सगळं गेलं

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते आहे, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

आई विक्रोळीला कन्नमवार नगरात एकटी राहते. वय ६७, बाबांची फॅमिली पेन्शन आणि दोन एफडी. गुरुवारी दुपारी तिला व्हॉट्सॲपवर मेसेज आला: मागच्या महिन्याचं गॅसबिल सिस्टिममध्ये अपडेट झालेलं नाही, रात्री साडेनऊला पाइप गॅस बंद होईल. खाली 'अधिकाऱ्याचा' नंबर. आईने बिल वेळेत भरलं होतं, पावती फ्रिजवर लावलेली होती. म्हणूनच तिने फोन केला, भरलंय हे सांगायला. समोरचा अगदी अदबीने बोलला. 'माताजी, पेमेंट दिख रहा है, सिर्फ अपडेट करना है.' आणि त्याने एक एपीके फाइल पाठवली (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल). इन्स्टॉल करताना फोनने धोक्याची सूचना दिली होती. 'ते सगळ्यांना येतं' म्हणत त्याने फोनवर बोलता बोलताच एकेक बटण दाबून घेतलं.

मी संध्याकाळी पोचल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकून तो फॉर्म पाहिला. वर गॅस कंपनीचं चिन्ह, खाली 'बाकी रक्कम १२ रुपये'. पहिल्या पानावर नाव, मोबाइल, जन्मतारीख. दुसऱ्यावर आधार, पॅन, 'आईचं नाव' (म्हणजे माझ्या आजीचं). तिसऱ्यावर बँकांची यादी, आणि बँक निवडली की पानाचा रंग त्या बँकेसारखा होतो. मग कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि शेवटी एटीएम पिन. पिनपाशी आई थांबली, फोन ठेवून दिला. पिन कोणाला सांगायचा नाही हे तिच्या डोक्यात पक्कं आहे. पण आधार आणि जन्मतारीख आपण झेरॉक्सवाल्यापासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे देतो. तिथे ती का थांबेल?

आतापर्यंत केलेलं: त्याच रात्री कार्ड ब्लॉक, माझ्या लॅपटॉपवरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, आईचा फोन बंद करून ठेवला. खात्यातून एक पैसाही गेलेला नाही. शुक्रवारी शाखेत गेलो तर काउंटरवर सांगितलं, 'पैसे गेले नाहीत ना? मग तक्रार कसली घ्यायची? कार्ड नवीन येईल.'

माझी काळजी नेमकी इथेच आहे. कार्ड नवीन येईल. जन्मतारीख नवीन येणार नाही, आधार आणि पॅनही तेच राहणार. हे सगळं एकाच माणसाचं, एकाच जागी, मोबाइल नंबरासकट कोणाच्या तरी हातात आहे. त्याचं ते लोक काय करू शकतात आणि आम्ही कोणत्या क्रमाने काय बंद करायचं? फोन आधी फॉरमॅट करायचा की पुरावा म्हणून ठेवायचा? सिम बदलायचं का? आणि शाखा तक्रार घेत नसेल तर काय? त्यात आज सकाळपासून आईच्या ओळखीच्या बायकांना तिच्या व्हॉट्सॲपवरून तीच फाइल जाते आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवरही गेली. कृपया लवकर सांगा.

स्क्रूड्रायव्हर:

ताई, आधी व्हॉट्सॲप, कारण त्यातून दुसऱ्यांचं नुकसान चालू आहे. आईंचं सिम आजच्या आज दुसऱ्या स्वच्छ फोनमध्ये घाला आणि तिथे व्हॉट्सॲप नव्याने नोंदवा. नोंदणी झाली की भामट्यांकडचं आपोआप बाहेर पडतं. मग 'लिंक्ड डिव्हायसेस' रिकामं आहे का बघा आणि टू-स्टेप पिन लावा. त्यांनी आधीच स्वतःचा पिन लावला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तुमच्या नोंदणीने ते मात्र लगेच बाहेर पडतात. भजनी मंडळात एखादीने फाइल उघडली असेल तर तिलाही आजच फोन करा, मेसेजवर विसंबू नका.

आता आत काय झालं ते. त्या ॲपने एसएमएसची परवानगी घेतली असणार, म्हणजे येणारा प्रत्येक ओटीपी आईंनी न सांगताही त्यांच्याकडे जातो. व्हॉट्सॲप असंच गेलं. मोबाइल कंपनीकडून गुरुवारच्या एसएमएसची यादी मागवा. बऱ्याचदा एखाद्या अनोळखी दहा आकडी नंबरला गेलेले मेसेज त्यात सापडतात, तो पोलिसांच्या कामाचा असतो. फॉर्म भरताना किंवा नंतर 'अपडेट होत आहे, ॲप काढू नका' असं काही दिसलं का? ते पान वेळ काढण्यासाठी असतं, मागे माहितीची पाठवणी चालू असते.

हा प्रकार जुना आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 'ड्रिनिक' नावाच्या मालवेअरबद्दल, म्हणजे अशाच घातक ॲपबद्दल, इशारा दिला होता. २०१६ मध्ये ते नुसते एसएमएस चोरायचं, पुढे आयकर परताव्याचं आमिष दाखवून असाच फॉर्म भरून घेऊ लागलं: पॅन, आधार, पत्ता, जन्मतारीख, खातं, कार्ड, पिन. २७ हून जास्त बँकांचे ग्राहक त्याच्या निशाण्यावर होते. तेव्हा परतावा होता, आज गॅसबिल आहे किंवा वाहतुकीचं ई-चलन. फॉर्म तोच.

फोन लगेच फॉरमॅट करू नका. इंटरनेट बंद ठेवून सेफ मोडमध्ये सुरू करा आणि दुसऱ्या फोनने फोटो काढा: ॲपचं नाव, त्याला दिलेल्या परवानग्या, व्हॉट्सॲपवरून आलेली मूळ फाइल (सेफ मोडमध्ये व्हॉट्सॲप उघडत नाही, फाइल मॅनेजरमध्ये शोधा), त्या माणसाचा नंबर, कॉलची वेळ. सेटिंग्जमधली पूर्ण ॲप यादी बघा, कारण असली ॲप्स चिन्ह लपवतात, कधी नावाच्या जागी नुसती मोकळी जागा असते. सेटिंग्जमधल्या डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटी (ॲपला स्क्रीन वाचू आणि बटणं दाबू देणारी परवानगी) इथेही नजर टाका. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही, पण फोनवर बसलेला माणूस तीही बटणं दाबून घेतो. तक्रार नोंदली गेली आणि पोलिसांनी फोन मागितला नाही, की मग फॅक्टरी रीसेट. रीसेटआधी आईंचे स्वतःचे फोटो तेवढे उतरवून घ्या, ॲप्सचा जुना बॅकअप परत घालू नका.

सिम बदलायची गरज नाही, बिघाड फोनमध्ये आहे. फक्त कॉल फॉरवर्डिंग चालू नाही ना, हे मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरला विचारून खात्री करा.

निवृत्त_बँकर:

ताई, काउंटरवरच्या उत्तरावर परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घेऊन पोच मागा. कारण सांगतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने व्यवहार झाला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. उद्या काही झालं तर 'कार्डाची माहिती तुमच्या आईंनीच भरली' असं बँक म्हणेल. तेव्हा आजची पोच हातात हवी. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भारही त्या परिपत्रकात बँकेवर टाकलेला आहे.

अर्जात पैशांबद्दल लिहूच नका, ओळखीची माहिती गेली आहे हे लिहा आणि चार गोष्टी मागा. नेटबँकिंगचा जुना युजर आयडी रद्द करून नवीन. यूपीआय बंद. खात्याला काही दिवस डेबिट फ्रीज, त्यात पेन्शन जमा होत राहते, फक्त बाहेर काही जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: एफडी ऑनलाइन मोडणं आणि एफडीवर ऑनलाइन कर्ज घेणं, दोन्ही बंद. बचत खात्यात चार पैसे असतात, घबाड एफडीत असतं. नेटबँकिंग हाती लागलं की हे लोक आधी एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढतात. खातेदाराला त्या कर्जाचा पत्ता व्याजाचा मेसेज आल्यावर लागतो. मी शेवटच्या काही वर्षांत अशी ज्येष्ठ मंडळी टेबलासमोर रडताना पाहिली आहेत.

'आईचं नाव' हा बऱ्याच ठिकाणी सुरक्षा प्रश्न असतो. जिथे जिथे तो असेल तिथे बदला. उत्तर खरंच असलं पाहिजे असं नाही, फक्त आठवणीत राहिलं पाहिजे.

शाखाधिकाऱ्याने तरीही नाही म्हटलं तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार ईमेलवर पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, फी लागत नाही.

परळची:

पैसे गेले नसले तरी तक्रार होते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर आर्थिक फसवणुकीशिवाय इतर सायबर गुन्ह्यांचाही विभाग आहे, तिथे नोंदवा. मुंबईत पोलिसांच्या पाचही प्रादेशिक विभागांना सायबर पोलीस ठाणी आहेत, पण लांब जाणं जमत नसेल तर जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. हा कागद पुढे दोन-तीन वर्षांनीही कामाला येतो. आईंच्या नावावर कुणी कर्ज किंवा सिम घेतलं तर 'आम्ही तेव्हाच कळवलं होतं' हे दाखवायला दुसरं काही नसतं.

आधारबद्दल. नुसत्या नंबरावर पैसे निघत नाहीत, आधारवरून पैसे काढायला बोटाचा ठसा लागतो. पण इतर राज्यांत मालमत्तेच्या दस्तांवरून ठसे उचलून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदलेले आहेत, म्हणून बायोमेट्रिक लॉक कराच. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर होतं. ओटीपी आईंच्या नंबरावर येणार, तेव्हा सिम स्वच्छ फोनमध्ये गेल्यावरच करा, नाहीतर तो ओटीपीही त्यांच्याकडे जाईल. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरला गेला ते दिसतं, गुरुवारनंतरच्या नोंदी बघा. लॉक असताना रेशन दुकानात अंगठा चालत नाही, नोव्हेंबरात हयातीचा दाखला डिजिटल काढतानाही अडेल. त्या वेळी तात्पुरतं उघडता येतं, आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी घाबरणार नाहीत.

पॅनवर कर्ज काढलं जातं, आणि ते छोटं असतं, ॲपवरचं, म्हणून लक्षात येत नाही. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. चारही एकदम काढू नका. आज एक, तीन महिन्यांनी दुसरा, असं केलं की वर्षभर नजर राहते. अनोळखी कर्ज किंवा चौकशी दिसली तर तिथेच हरकत घ्या. ३० दिवसांत निकाली काढली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आईंच्या नावावर किती सिम आहेत तेही बघा, नको ते तिथूनच कळवता येतं.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्रीपासून तुमच्याच क्रमाने करते आहे.

सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं, व्हॉट्सॲप परत मिळालं. त्यांनी पिन लावलेला नव्हता. भजनी मंडळातल्या एका काकूंनी फाइल इन्स्टॉल केली होती, पण फॉर्म भरला नव्हता. त्यांच्या मुलाला लगेच फोन करून सांगितलं. 'अपडेट होत आहे' हे पान आईला आलं होतं, ती ते बराच वेळ बघत बसली होती. ॲप यादीत चिन्हाशिवायची एक नोंद सापडली, एसएमएस आणि कॉल दोन्हींची परवानगी दिलेली. फोटो काढलेत. बायोमेट्रिक लॉक झालं, गुरुवारनंतरची एकही नोंद नाही. पहिला क्रेडिट अहवाल स्वच्छ आहे. पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच क्रमांक मिळाला.

एफडीवरच्या ऑनलाइन कर्जाचं मला माहीतच नव्हतं. आईची सगळी भिस्त तिथेच आहे.

आई कालपासून फारशी बोलत नाही. 'मी बाराच रुपये भरत होते गं' एवढंच म्हणते. तिला कोणी बोल लावू नये म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्या माणसाने तिच्या प्रामाणिकपणाचाच वापर केला, याचा मला जास्त राग आहे.

उद्या शाखेत द्यायचा मजकूर असा लिहिलाय, कृपया बघाल का:

'माझ्या फोनमध्ये फसवणुकीने टाकलेल्या ॲपद्वारे माझा आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख, आईचे नाव व डेबिट कार्डाचा तपशील अनोळखी व्यक्तींकडे गेला आहे. कृपया माझे यूपीआय बंद करावे, नेटबँकिंगचा युजर आयडी बदलावा, खात्यास तात्पुरता डेबिट फ्रीज लावावा, तसेच माझ्या मुदत ठेवी ऑनलाइन मोडण्याची व त्यांवर ऑनलाइन कर्ज घेण्याची सुविधा बंद करावी. यापुढे माझ्या स्वाक्षरीशिवाय झालेला कोणताही व्यवहार माझा समजू नये.'

निवृत्त_बँकर:

मजकूर चांगला आहे. तीन गोष्टी घाला. घटनेची तारीख आणि वेळ. सायबर तक्रारीचा पोच क्रमांक. आणि स्वतंत्र ओळीत: 'मी पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही.' ते खरं आहे आणि पुढे वाद झालाच तर बँक सर्वांत आधी तेच विचारेल. शेवटचं वाक्य थोडं बदला, नाहीतर फ्रीज उठल्यावरही पेन्शनीतून जाणारं वीजबिलाचं ऑटो-डेबिट अडेल. 'खालील नियमित देयके वगळून' असं लिहून त्यांची नावं द्या. आईंना सोबत न्या, सही अधिकाऱ्यासमोर होऊ दे. सकाळी साडेदहाच्या सुमारास जा, गर्दी कमी असते आणि अधिकारी जागेवर सापडतात.