मदत हवी आहे: काजू कारखाना तिसऱ्याच वर्षी बंद करण्याची वेळ आली आहे

धागाकर्ता (कुडाळ): माझ्यासोबत सुरू झालेले शेजारचे दोन काजू कारखाने बंद पडले आणि माझाही बॉयलर जूनपासून थंड आहे. यंत्रे नवी आहेत, कटिंगच्या बायका तरबेज आहेत, गरही अख्खा निघतो, तरी बँकेचे दोन हप्ते थकले. नेमके काय चुकते आहे, ते कृपया लवकर सांगावे.

खाडीकाठ: रोजची क्षमता किती आणि हंगामात बी (कच्चा काजू) किती घेतली, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

माडाखाली: गावठी बीवर कारखाना वर्षभर चालत नाही. आयव्हरी कोस्ट किंवा बेनिनची बी मागवा.

सड्यावरचा: मला हे पटत नाही. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम जवळपास आपल्याबरोबरच येतो. टांझानियाची बी ऑक्टोबरपासून निघते हे खरे, पण ज्याच्याकडे गावची बी घ्यायला पैसे उरले नाहीत, त्याने कंटेनर कशाच्या बळावर मागवायचा? शिवाय वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या आपल्याकडच्या काजूच्या जातींच्या गराचे गिऱ्हाईक हातचे जाईल.

रानवाट: टरफलाचे तेल काढा. रंग आणि ब्रेकच्या अस्तरांसाठी त्याला मागणी असते.

धागाकर्ता: तेलाविषयी मी विचारलेले नाही. क्षमता रोज 500 किलोची आहे. मार्च ते मे या काळात 40 टन बी घेतली आणि तिथेच पैसे संपले.

खाडीकाठ: मग दुखणे इथेच आहे. 40 टन म्हणजे 80 दिवसांचे काम. व्याज, विजेचा स्थिर आकार आणि कायम कामगारांचे पगार मात्र बाराही महिने चालू राहतात. माझाही पहिला कारखाना असाच बुडाला, कारण कर्जाचा मोठा भाग शेड आणि यंत्रांत अडकवून मी खेळत्या भांडवलाला फारच थोडे ठेवले होते, आणि वर्षाची बी तीन महिन्यांत रोखीने उचलावी लागते याचा हिशेब प्रकल्प अहवालात कुठेच नव्हता. बँकेकडे हंगामापुरती वाढीव कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तशी उचलायची कर्जाची मर्यादा) मागा. गिऱ्हाइकांकडून येणे किती आहे?

धागाकर्ता: मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाच महिन्यांपासून सहा लाख अडकले आहेत. त्याचा इथे काय संबंध?

सड्यावरचा: त्या सहा लाखांत आणखी काही टन बी आली असती. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार करार असला तरी 45 दिवसांपुढे पैसे रखडवता येत नाहीत आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी विचारतो, माल पाठवण्यापूर्वी तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झाली होती का?