शीत (भात) कमी करायचंय, पण भाज्या घशाखाली उतरत नाहीत. मधुमेहात लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं (कार्ब्सचं) खाणं, कसं जमवायचं?

डिचोलीकर
प्रश्न वडिलांसाठी आहे. वय ६१, टाइप २, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) नॉर्मल. गोळी एकच, सकाळी आणि रात्री जेवणाआधी: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली. डॉक्टरांनी कार्ब्स निम्म्यावर आणायला सांगितलंय.

सध्याचं खाणं: सकाळी बटाट्याची पातळ भाजी आणि दोन पाव, ११ वाजता उकड्या तांदळाची पेज, दुपारी शीत-हुमण (नारळाच्या वाटणातली माशांची आमटी) आणि तळलेलं नुस्तें (मासे), रात्री पुन्हा तेच. सोमवारी शिवराक (शाकाहारी).

अडचण आवडीनिवडीची आहे. भेंडी बुळबुळीत लागते, फ्लॉवरला वास येतो, पनीर रबरासारखं वाटतं, कारलं-मेथी कडू म्हणून नको, दुधी तर ताटात दिसला तरी बाजूला सारतात. चालतं ते बटाटा, काकडी, कांदा, नारळ, सगळं नुस्तें, चिकन आणि ऑम्लेट. नेटवरच्या लो-कार्बच्या याद्या सॅलड, ब्रोकोली आणि पनीरने भरलेल्या असतात, त्यातलं एकही इथे उपयोगाचं नाही. सुरुवात कुठून करावी?

फोंडा_फार्मसिस्ट
ताटाला हात लावण्याआधी गोळीचं ठरवा. यात मागेपुढे करू नका.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, समोर शीत असो वा नसो. आज २५० ग्रॅम कार्ब्सवर जो डोस बसलाय, तोच १२० ग्रॅमवर जास्त होईल आणि साखर ७०च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ. म्हणून डॉक्टरांना तारीख सांगा, 'अमुक सोमवारपासून शीत निम्मं करतोय, डोस किती कमी करू?' बहुतेक डॉक्टर डोस आधीच उतरवून देतात. स्वतःहून गोळी बंद करू नका आणि अर्धी मोडूही नका. या एकत्रित गोळ्यांतलं मेटफॉर्मिन बऱ्याचदा सावकाश विरघळणारं असतं, मोडली की ते एकदम सुटतं.

दुसरी गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते. गोळीत व्होग्लिबोज आहे. ते आतड्यात साखरेचं विघटन लांबवतं, म्हणून साखर खाली गेल्यावर साधी साखर, गूळ किंवा सरबत दिलं तर ते वेळेवर चढत नाही. ग्लुकोजची पावडरच हवी, कारण तिचं विघटन व्हावं लागत नाही. काट्यावर १५ ग्रॅम तोलून लहान पुड्या बांधा. एक वडिलांच्या शर्टाच्या खिशात, एक गाडीत, एक उशाजवळ. अर्धा पेला पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजूनही ७०च्या खाली असेल तर दुसरी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ला फोन करा.

तिसरं: पुढे कधी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) सुरू झालं तर डॉक्टरांना लो-कार्बबद्दल आठवणीने सांगा. त्या गोळ्यांवर कार्ब्स फारच कमी केले तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन साचून आम्लता वाढू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, हॉस्पिटल गाठा.

फेणी घेत असतील तर तेही लपवू नका. फेणीत कार्ब्स नसल्यासारखेच, पण ती यकृताला साखर सोडू देत नाही. ग्लिमेपिराइडच्या जोडीला कमी शिताच्या रात्री ती घेतली तर पहाटे साखर कोसळते.

मडगाव_डाएट
वरचं सगळं झालं असं धरून हिशेब मांडते. घरात डिजिटल काटा नसेल तर आधी तो आणा.

शिजलेलं शीत १०० ग्रॅम म्हणजे साधारण २८ ग्रॅम कार्ब्स. आपल्याकडचं भरलेलं ताट सहज ३०० ग्रॅमचं असतं, म्हणजे ८४. दोन वेळचे १६८. नेहमीचा पाव ४० ते ४५ ग्रॅमचा, त्यात २० ते २२. दोन पाव ४२. बटाट्याची भाजी १५. पेजेच्या वाडग्यात ४० ग्रॅम कोरडे तांदूळ असले तर ३१. बेरीज २५० च्या पुढे गेली.

लो-कार्ब म्हणजे सहसा दिवसाला १३० ग्रॅमच्या आत. त्यासाठी ब्रोकोली लागत नाही. सकाळी एक पाव आणि दोन अंड्यांचं ऑम्लेट (२१), दुपारी १२० ग्रॅम शीत (३४), रात्री ८० ग्रॅम (२२), आणि कांदा, नारळ, भाजी, ताक यांचे ३० धरा. झाले १०७.

पेज पूर्ण काढावी असं माझं मत आहे. ती प्रिय असते हे ठाऊक आहे, पण भात पार शिजून मऊ झालेला, चावावा लागत नाही, पाच मिनिटांत वाडगा रिकामा. वर ती येते नाश्त्यानंतर दोन-तीन तासांत, म्हणजे पावाची साखर उतरायच्या आतच दुसरी चढ सुरू. त्या वेळी मीठ घातलेलं ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे द्या. गरम काहीतरी हवं असेल तर चिकनचा किंवा सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींचा सार. ही सवय बहुधा त्या वेळच्या गरम, खारट घोटाची असते, तांदळाची तेवढी नसते.

आता शीत कमी केल्यावर हमखास काय बिघडतं ते सांगते. हुमणाचं मीठ, तिखट आणि आंबट हे ३०० ग्रॅम शितात कालवायच्या बेताने घातलेलं असतं. १२० ग्रॅमबरोबर तेच हुमण खारट आणि जहाल लागतं, माणूस तोंड शांत करायला आणखी एक डाव शीत घेतो, आणि आठवडाभरात ताट पूर्ववत. म्हणून शीत कमी कराल त्याच दिवशी हुमणातलं मीठ, मिरच्या आणि सोलं (आमसुलं) एक-तृतीयांशाने कमी करा. वाटण दाट ठेवा. हुमण वाटीत वेगळं वाढा, चमच्याने खाण्यासारखं. बांगड्याच्या हुमणात तिरफळं राहू द्या, चव तीच राहते.

नारळाची भीती नको: ५० ग्रॅम खवलेल्या नारळात ७-८ ग्रॅम कार्ब्स, त्यातला निम्म्याहून जास्त भाग चोथा. मात्र चरबी १७ ग्रॅम आहे. वजन कमी करायचं असेल तर चौघांना अर्धा नारळ पुरे.

खाण्याचा क्रमही बदला. आधी नुस्तें आणि भाजी संपवायची, मग शीत. ताट तेच, पण जेवणानंतरची चढ कमी होते, कारण प्रथिनं आणि चरबी पोटातून अन्न सावकाश पुढे सरकू देतात. आपल्याकडे उलट होतं: नुस्त्याचा तुकडा शेवटासाठी राखून ठेवतात.

आणि वडिलांचं वेगळं रांधू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यांत जास्त. घरात आणखी कुणाची साखर काठावर असण्याची शक्यता दांडगी आहे. सगळ्यांना हेच जेवण द्या, ज्याला हवं तो वर शीत घेईल.

सांखळी२२
पाव सोडून नाचणीची भाकरी किंवा पोय (गोव्याचा कोंड्याचा पाव) दिली तर? आणि उकडा तांदूळ साखरेला चांगला असं ऐकलंय.

मडगाव_डाएट
नाचणीचं ४० ग्रॅम पीठ म्हणजे २७ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. एका पावापेक्षा जास्त. पोय कोंड्याची असली तरी आकाराने मोठी, ६०-७० ग्रॅमची एक पोय दीड पावाच्या बरोबरीची. अर्धी पोय चालेल. उकडा तांदूळ सुरय (न उकडलेल्या पांढऱ्या) तांदळापेक्षा थोडा सावकाश चढतो इतकंच; १०० ग्रॅमला कार्ब्स जवळपास तेवढेच. 'चांगला' म्हणून दोन डाव जास्त घेतला की फायदा गेला. नीरफणसाच्या फोडीही भाजी समजून खातात. त्यात १०० ग्रॅमला २७, वर रवा वेगळा.

रांदपी_कुडचडें
भाज्यांचं मी सांगतो. डिचोलीकर, तुमच्या यादीत चवीची तक्रार कारलं आणि मेथीचीच आहे. ती दोन्ही सोडून द्या, त्यावाचून काही अडत नाही. बाकीच्या तक्रारी पोताच्या आणि वासाच्या, आणि त्या शिजवण्यात सुटतात.

पहिली पायरी नवलकोल. बटाटा आवडतो ना? बटाट्यात १०० ग्रॅमला १७ ग्रॅम कार्ब्स, नवलकोलात ६. थंडीत म्हापशाच्या बाजारात गावठी मिळतो, पानांसकट. लहान, मुठीएवढा घ्या. मोठा झाला की बुडाशी दोरे असतात आणि ते शिजत नाहीत. साल जाड काढा, सालीखालचा पांढरट तंतुमय थर पूर्ण निघेपर्यंत, नाहीतर तोंडात चोयट्या येतात आणि भाजी कायमची बाद होते. बटाट्यापेक्षा लहान फोडी करा आणि १२-१५ मिनिटं आधी उकळवा, मग बटाटा घाला. दोन्ही एकदम घातले तर बटाटा विरघळतो आणि नवलकोल करकरीत राहतो. सुरुवातीला पातळ भाजीत तीन वाटे बटाटा, एक वाटा नवलकोल. मग निम्मे-निम्मे. बटाटा पूर्ण काढू नका, त्यामुळेच रस दाटतो.

दुधी आणि मुळा सुंगटांच्या हुमणात टाका. वाटण उकळलं की फोडी, त्या नरम झाल्या की सुंगटं, आणि सुंगटं पडल्यावर पाच मिनिटांत आच बंद. आधी टाकली तर ती चामट होतात. सुंगटांचा गोडवा दुधीत उतरतो, नुसता दुधी न खाणारेही हा खातात.

भेंडी: बुळबुळीतपणा पाण्याने आणि मिठाने सुटतो. धुऊन फडक्याने पुसा, अर्धा तास पसरून ठेवा, बोटाच्या पेराएवढे मोठे तुकडे करा. लोखंडी कायल (कढई) कडक तापवा, एका थरात मावतील तेवढीच घाला, झाकण नाही, सतत ढवळणं नाही. कडा करपायला आल्या की दोन सोलं आणि मीठ, लगेच उतरवा.

फ्लॉवरचा वास जास्त शिजल्याने येतो, त्यातले गंधकाचे पदार्थ मोकळे होतात. कच्चा किसून फडक्यात घट्ट पिळा, तापलेल्या कायलीत खोबरेल, मोहरी, कढीपत्ता, आणि मोठ्या आचेवर चार मिनिटं, झाकण न ठेवता. हा कीस शितात एक-चतुर्थांश मिसळून सुरुवात करा. मात्र सांगून मिसळा. खाण्याच्या बाबतीत नाजूक माणसाला लपवलेली गोष्ट सापडली की तो शितावरचाही विश्वास सोडतो.

पनीर तळू नका. गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून हाताने चुरा आणि कांदा-मिरचीवर परता, अंड्याच्या भुर्जीसारखं. नुस्त्याला रवा हवाच असेल तर पातळ थर द्या. एका तुकड्याला १० ग्रॅम रवा लागतो, म्हणजे ७ ग्रॅम कार्ब्स. हळद, मिरची, आगळ (कोकमाचा अर्क) आणि मीठ चोळून अर्धा तास मुरवून, तवा कडक तापल्यावर टाकलं तर रव्यावाचूनही कड कुरकुरीत येते. तवा गार असला तर कातडं चिकटतं.

नवी भाजी एका वेळी एकच, वेगळ्या वाटीत, एक चमचा. नको म्हणाले तर वाटी उचलायची, आग्रह नाही, चार दिवसांनी पुन्हा. जीभ सरावायला आठ-दहा वेळा लागू शकतात. बहुतेक घरं दुसऱ्या खेपेलाच हात टेकतात.

डिचोलीकर
देव बरें करूं. नवलकोल डोक्यातच आला नव्हता. दोन शंका: सोमवारचं आणि श्रावणाचं काय? जून-जुलैत मासेमारी बंद असताना ताजं नुस्तें महाग होतं, तेव्हा काय?

रांदपी_कुडचडें
सोमवारी अळमी (मशरूम). पावसातली रानातली मिळाली तर उत्तम, पण ती महाग पडतात. बटण मशरूम बारमाही आहेत आणि शाकुतीच्या वाटणात झकास होतात. १०० ग्रॅमला ३ ग्रॅम कार्ब्स. आधी कोरड्या कायलीत पाणी आटेपर्यंत परता, नाहीतर वाटण पातळ होतं. सोयाच्या वड्या घ्यायच्या तर गरम पाण्यात भिजवून तीनदा पिळा, तेव्हा कुठे वास जातो. अळसांद्यांचं (चवळीचं) तोंडाक, म्हणजे कडधान्याची रस्साभाजी, भाजी नव्हे, शितासारखं धरा: १०० ग्रॅम शिजलेल्यात २० च्या आसपास, निदान चोथा आणि प्रथिनं भरपूर. तोंडाक असेल त्या दिवशी शीत ५० ग्रॅम.

बंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, अंडी, चिकन आणि सुकं नुस्तें. सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर) कार्ब्सच्या दृष्टीने उत्तम, पण मीठ बेसुमार. भाजण्याआधी पाण्यातून दोनदा काढा, वरून मीठ घालू नका.

फोंडा_फार्मसिस्ट
रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सुक्या नुस्त्याचा प्रश्न आणखी महत्त्वाचा. उलटही होतं: कार्ब्स कमी केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत शरीरातलं पाणी आणि मीठ जास्त बाहेर पडतं, उठल्यावर भोवळ येऊ शकते. दाब घरीच मोजत राहा आणि कमी दिसला तर कळवा.

मोजणीचं वेळापत्रक: रोज उपाशीपोटी, आणि एका जेवणाच्या आधी व पहिल्या घासापासून दोन तासांनी. ताटावरून उठल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून. उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८०च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य. डॉक्टरांनी वेगळं दिलं असेल तर ते. एके दिवशी १२० ग्रॅम शीत, दुसऱ्या दिवशी तेच हुमण आणि ८० ग्रॅम शीत, असं मोजलं की वडिलांना किती पेलतं ते त्यांच्याच आकड्यांतून दिसेल. एचबीएवनसी तीन महिन्यांआधी करू नका, तो तेवढ्या काळाची सरासरी दाखवतो.

डिचोलीकर
शेवटचं: सोलकढी चालेल?

मडगाव_डाएट
घरची, साखर न घातलेली, जेवणाबरोबर एक पेला खुशाल. हॉटेलातल्या सोलकढीत बरेचदा साखर असते, तिथे विचारून घ्या.