मुलांना कराटेला घालताना: पालकांचे अनुभव

जूनमध्ये शाळेबरोबरच कराटे, तायक्वांदो आणि ज्युदोच्या क्लासची चौकशी सुरू होते, आणि बहुतेक पालक फी, वेळ व घरापासूनचे अंतर एवढेच विचारून मुलांचे नाव घालतात. त्यापलीकडे काय विचारायला हवे, हे आपापल्या अनुभवातून सविस्तर लिहावे, ही विनंती.

ठाणे, मुलगी नऊ वर्षांची
मासिक फी माफक होती. खरा खर्च निघाला तो बेल्टच्या परीक्षांचा. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा, तिचे शुल्क वेगळे, आणि नापास मात्र कोणीच होत नसे. कराटेत काळ्या बेल्टच्या आधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि काळ्यापासून ‘दान’ या वरच्या पायऱ्या सुरू होतात, हे सर्वत्र साधारण सारखे असले तरी मधल्या रंगांचा क्रम व प्रत्येक बेल्टचा अभ्यासक्रम संस्थेगणिक बदलतो. त्यामुळे घर बदलल्यावर नव्या सरांनी तिचा हिरवा बेल्ट बाजूला ठेवायला लावला आणि काता, म्हणजे ठरावीक क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचे, प्रकार पहिल्यापासून घोटून घेतले. मुलगी रुसली, हे सांगायला नकोच. मात्र तयारी नसलेल्या मुलाला हे सर परीक्षेला बसवत नाहीत, आणि माझ्या मते क्लासची पारख याच गोष्टीवरून होते.

नाशिक, मुलगा बारा वर्षांचा
कुमितेच्या, म्हणजे प्रत्यक्ष लढतीच्या, सरावात मुलाच्या डोक्याला लाथ लागली. त्याला पाणी पाजून पुन्हा मॅटवर उभे करण्यात आले आणि घरी आल्यावर उलटी झाली. डॉक्टरांनी मेंदूला धक्का बसल्याचे निदान करून विश्रांती सांगितली; असा मार लागल्यावर त्याच दिवशी पुन्हा खेळू देणे घातक ठरू शकते, हेही बजावले. ‘हेडगार्ड होतेच की,’ असे क्लासमधून उत्तर आले. परंतु हेडगार्डमुळे जखमा कमी झाल्या तरी मेंदूला बसणारा धक्का टळतो असे धरून चालता येत नाही, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या अहवालात पालकांना याबाबत सावध केले आहे. सध्या तो किहोन, म्हणजे मूलभूत हालचालींचा सराव, आणि काता एवढेच करतो. त्यात कोणाशी भिडावे लागत नाही.

पुणे, मुलगा आठवीत
दहावीच्या वाढीव क्रीडागुणांच्या आशेने क्लास लावत असाल, तर नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असलेल्या खासगी स्पर्धांचे शुल्क भरण्यापूर्वी त्या स्पर्धा या गुणांसाठी धरल्या जातात का, याची जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

सोलापूर, मुलगी सात वर्षांची
पालकांनी आत थांबू नये, असा एका क्लासचा नियम होता. मुलांचे लक्ष विचलित होते हे कारण मला पटते, दार बंद ठेवणे पटत नाही; म्हणून तिथे नाव घातले नाही. सध्याचा क्लास उघड्या मैदानावर भरतो, पायांची ठेवण चुकली तर सर हात न लावता स्वतः करून दाखवतात, आणि मुलींच्या गटाबरोबर एक ताई असतात. बाहेरगावच्या शिबिराला सोबत कोण महिला आहे आणि मुलींची झोपण्याची व्यवस्था कुठे आहे, हे कळल्याशिवाय मी संमतिपत्रावर सही करत नाही.